नर्सेसना पर्यावरणीय आरोग्याचा खात्रीशीर पुरावा शोधायला कसं शिकवावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नर्सिंगचे विद्यार्थी गूगलवरची पहिली लिंक उचलून आणतात, पबमेड (वैद्यकीय निबंध शोधण्याचा डेटाबेस) उघडून दिलं तर हजारो निकालांत हरवतात, आणि हातात दीड तासाचं एकच सत्र आहे.

पहिली वीस मिनिटं संगणक बंद ठेवा आणि प्रश्न कागदावर लिहून घ्या. औषधांसाठी शिकवलेला ‘पिको’चा साचा (रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम) त्यांना येतोच, त्यात उपचाराच्या जागी घातक पदार्थाशी आलेला संपर्क घाला. संपर्काच्या रकान्यात तीन गोष्टी सक्तीच्या करा: मार्ग (श्वास, तोंड की त्वचा), प्रमाण आणि कालावधी. ‘शिसं मुलांना घातक आहे का?’ यावर शोध घेता येत नाही. ‘जुन्या रंगाच्या धुळीतून सतत शिसं पोटात जाणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या बुद्ध्यांकावर काय परिणाम होतो?’ यावर येतो.

मग पबमेड. शिशासाठी नुसतं ‘लेड’ टाकलं की ईसीजीच्या लीड्सपासून ‘अमुकमुळे तमुक होतं’ (इंग्रजीत ‘लीड्स टू’) अशा वाक्यांपर्यंत सगळं येतं. त्याऐवजी मेश शीर्षकांतलं (पबमेड निबंधांना लावतं ती ठरावीक विषय-शीर्षकं) ‘लेड पॉयझनिंग’ घ्या, शीर्षक-सारांशात ‘ब्लड लेड’ शोधा, आणि दोन्ही ‘ऑर’ने (किंवा) जोडा. नुसत्या मेशवर राहिलं तर ज्यांना अजून शीर्षकं लागलेली नाहीत असे अगदी नवे निबंध निसटतात. एकाच संकल्पनेचे शब्द ‘ऑर’ने, वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने (आणि). ‘मोफत पूर्ण मजकूर’ हा फिल्टर सुरुवातीलाच लावू देऊ नका, चांगले आढावे त्यात गळतात. ‘गेली पाच वर्षं’ हा फिल्टरही इथे नुकसान करतो, कारण मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे कोहोर्ट अभ्यास बहुधा जुने असतात.

सगळ्यात जास्त वेळ पुराव्याच्या पिरॅमिडवर, म्हणजे कोणत्या प्रकारचा अभ्यास किती भक्कम या उतरंडीवर, द्या. रँडमाइज्ड चाचणी (आरसीटी, म्हणजे लोकांचे गट यादृच्छिक पाडून केलेली) वरच्या पायरीवर, हे विद्यार्थ्यांनी पाठ केलेलं असतं. पण कोणाला मुद्दाम शिसं देऊन चाचणी करता येत नाही. म्हणून ‘आरसीटी नाही, म्हणजे पुरावा कच्चा’ असा निष्कर्ष काढला तर इथे चुकतंच. कोहोर्ट अभ्यास वाचताना आधी हे विचारायला लावा: संपर्क मोजला कसा? रक्त तपासून, हवेतलं प्रमाण मोजून, की लोकांच्या आठवणीवरून? कामगारांवरच्या अभ्यासात आणखी एक खोच असते. आजारी माणसं नोकरी सोडतात, त्यामुळे उरलेला गट मुळातच निरोगी दिसतो आणि धोका कमी भासतो.

रसायनाची मूळ माहिती हवी असेल तर अमेरिकेच्या एटीएसडीआर या विषारी पदार्थांवरच्या सरकारी संस्थेची विषशास्त्रीय प्रोफाइल्स आणि रुग्णांना समजावण्याजोगी टॉक्सफॅक्स पत्रकं द्या. जुन्या हँडआउटमध्ये टॉक्सनेट (विषशास्त्राच्या डेटाबेसचं संकेतस्थळ) असेल तर काढून टाका. ते 2019 साली बंद झालं आणि त्यातला घातक पदार्थांचा डेटाबेस आता पबकेम या रसायनांच्या डेटाबेसमध्ये आहे. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण दाखवताना हे ठासून सांगा की गट 1 म्हणजे कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा, धोका किती मोठा हे त्यातून कळत नाही. तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस दोन्ही गट 1 मध्येच आहेत.

आकडे वाचण्याचा सराव एकाच उदाहरणावर घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2021 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचं संदर्भमूल्य 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर केलं. ‘3.5 च्या खाली म्हणजे सुरक्षित’ असं जवळजवळ प्रत्येक गट लिहितो. हे मूल्य सुरक्षिततेची सीमा नाही. तिथल्या 1 ते 5 वयाच्या मुलांतल्या सर्वाधिक पातळीच्या अडीच टक्क्यांना वेगळं काढणारी ती रेघ आहे. मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी ठरलेलीच नाही. एककही तपासायला लावा: काही देशांचे अहवाल मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतात, आणि 1 मायक्रोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे 20.7 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

गुण उत्तराला देऊ नका, शोधाच्या नोंदीला द्या: कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, काय वगळलं आणि का. एआयकडून आणलेला प्रत्येक संदर्भ पबमेडच्या क्रमांकावरून उघडून दाखवायला सांगा. जो उघडत नाही तो नोंदीतून बाद.