बॅटरीत चार्ज साठत नाही, आणि तो पंख्यात खर्चही होत नाही

तुला घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीला तसलीच दुसरी जोडायची आहे; सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडली तर व्होल्ट डबल, म्हणून पॅरललपेक्षा (प्लसला प्लस, मायनसला मायनस) बॅकअपही डबल, असं दुकानदार म्हणाला. आणि तुझी समजूत अशी की बॅटरीतला चार्ज (विद्युतभार) पंखा खातो. दोन्ही चूक. (बारावीत आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.)

घरी चार माग आहेत असं लिहिलंयस, मग खाली जाऊन मागाचा पट्टा बघ. मोटरच्या पुलीवरून निघतो, मागाला फिरवतो, परत मोटरकडे येतो. दिवसभर टॉवेल विणले तरी पट्टा काही कमी होत नाही. तो पट्टा म्हणजे चार्ज. त्याची एक बाजू ताठ असते, दुसरी सैल. त्या दोन ताणांतला फरक म्हणजे व्होल्टेज. तो फरक गुणिले जेवढा पट्टा सरकला, तेवढी ऊर्जा मागाला मिळाली. म्हणूनच व्होल्ट मोजायच्या मीटरला दोन वायरी असतात. 'या तारेत किती व्होल्ट?' हा प्रश्न अर्धाच, कुठल्या टोकाच्या तुलनेत ते सांगावं लागतं. पुस्तकात पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतात, पण नळातून पाणी निघून जातं आणि पोरांचा गोंधळ तिथंच होतो. शिवाय सोलापुरात नळाला रोज पाणी येतंय कुठं!

आता हिशोब. १ कूलोम चार्जमागे १ ज्यूल ऊर्जा म्हणजे १ व्होल्ट. १ अँपिअर म्हणजे सेकंदाला १ कूलोम. तर १५० अँपिअर-अवर म्हणजे १५० गुणिले ३६०० सेकंद, ५,४०,००० कूलोम. एवढा चार्ज बॅटरी एका टोकाने ढकलते, तेवढाच दुसऱ्या टोकाने परत घेते. गुणिले १२, म्हणजे ६४,८०,००० ज्यूल. बिलातलं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं, तेव्हा कागदावर १.८ युनिट. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं. ही ऊर्जा आतल्या शिसं आणि आम्लाच्या रसायनात असते.

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये: २४ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. पॅरललमध्ये: १२ व्होल्ट, ३००. गुणाकार कर, दोन्हीकडे ३.६ युनिट. सिरीजचा फायदा वेगळा आहे. ६०० वॉटच्या लोडला १२ व्होल्टवर ५० अँपिअर लागतात, २४ वर २५. करंट निम्मा झाला की त्याच केबलमधली उष्णता चौथाई होते. पण तुझा इन्व्हर्टर १२ व्होल्टचा असेल तर सिरीजचं नावच काढू नको, जळेल.

नुसत्या व्होल्टला घाबरायचं नसतं, ते असं. थंडीत पॉलिस्टरची चादर ओढताना बोटाला चट्‌कन ठिणगी बसते, ती ५,००० व्होल्टचीसुद्धा असू शकते. पण अंगावर साठलेला चार्ज अर्धा मायक्रोकूलोमच्या आसपास. चार्ज निघत जातो तसं व्होल्टेजही उतरतं, म्हणून इथं गुणाकाराच्या निम्मं धरायचं: जेमतेम सव्वा मिलिज्यूल. उलट १२ व्होल्टची बॅटरी, कोरड्या हाताने धरली तर काही जाणवत नाही. एकदा माझ्या हातून पाना तिच्या दोन टर्मिनलवर आडवा पडला. झगझगीत उजेड झाला आणि पान्याला खाच पडली. ती खाच अजून आहे. जोडणी करताना हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेव.