थॉरचं पोट आणि राक्षसाचं जेवण

प्रश्न : ताई, मी आणि माझा मावसभाऊ दर रविवारी एकाच विषयावर भांडतो. आता मावशीने चहा देणंही बंद केलंय. मार्व्हलच्या 'इन्फिनिटी वॉर' या सुपरहिरोंच्या सिनेमात वीजदेव थॉरची कुऱ्हाड सहाही स्टोनचा, म्हणजे अफाट ताकदीच्या सहा खड्यांचा, झोत चिरत खलनायक थॅनॉसच्या छातीत घुसते. पुढच्याच 'एन्डगेम'मध्ये एकही स्टोन नसलेला थॅनॉस त्याच थॉरला लोळवतो, तेही त्याच्याकडे कुऱ्हाड आणि हातोडा दोन्ही असताना! मी म्हणतो, ही सरळसरळ चूक आहे. भाऊ म्हणतो, असल्या सिनेमात ताकद मोजत बसायचं नसतं, मूड बघायचा. कोण बरोबर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मावशींची समजूत काढा. भांडण चहाशिवाय करण्यासारखं नाही.

तुमची तक्रार खरी आहे, पण बोट भलतीकडे दाखवताय. थॉर दुबळा का झाला, याचं कारण सिनेमाने दिलेलं आहे. थॅनॉसचं मुंडकं उडवूनही त्याने नाहीशी केलेली माणसं परत आली नाहीत, आणि त्यानंतरची पाच वर्षं हा गडी बिअर पीत घरात बसून आहे. हरायला याहून चांगलं कारण कुठलं? पण त्या कारणाचं केलं काय? त्याच्या सुटलेल्या पोटावर विनोद. एप्रिल २०१९मध्ये सिटी प्राइडला अख्खं थिएटर हसत होतं, मीही हसले. मग शेवटच्या लढाईआधी वीज कडाडली, अंगावर चिलखत चढलं, दाढीची वेणी वळली गेली आणि थॉर पुन्हा देवासारखा दिसायला लागला. पोट होतं, पण त्यापायी त्याला धाप लागलेली मला तरी दिसली नाही. कारण हशात खर्च झालं होतं. लढाईच्या वेळी गल्ला रिकामा. म्हणून तुम्हाला भरल्या ताकदीचा थॉर हरल्यासारखं वाटलं. म्हणजे तुमच्या भावाचा मूड आणि तुमची ताकद, भांडण एकाच गोष्टीवरून चाललंय.

हे मला एका पोराने शिकवलं. मी बरीच वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीतली बालनाट्यं लिहिली. बारा पोरं, बारा आया पहिल्या दोन रांगांत, आणि प्रत्येकीला आपल्या लेकराच्या तोंडी निदान चार वाक्यं हवीत. (इतक्या नायकांचा सिनेमा लिहिणाऱ्यांबद्दल मला माया आहे ती यामुळेच.) एका नाटकात राक्षस पहिल्या अंकात किल्ल्याची भिंत लाथेने पाडायचा आणि दुसऱ्यात राजकन्या त्याला ओढणीने बांधायची. भरत नाट्य मंदिरातल्या प्रयोगात मधल्या रांगेतला एक मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडला, "अहो, पण मगाशी तर याने भिंत पाडली ना!" मी विंगेत घामाघूम. आमचा राक्षस हजरजबाबी निघाला. म्हणाला, "सकाळपासून जेवलो नाहीये रे!" टाळ्या पडल्या. पण तेवढ्यावर मला झोप लागली नाही. पुढच्या प्रयोगात मी पहिल्या अंकातच राक्षसाच्या आईला आणलं, डबा घेऊन मुलामागे धावणारी : "जेवून जा, नाहीतर मागच्यासारखी चक्कर येईल." पोरं त्या डब्यालाही हसायची आणि ओढणीच्या वेळी कुणी ओरडायचं नाही, कारण राक्षस खरंच भेलकांडायचा. विनोद करा की, पण ज्यावर हसवलं त्याला पुढे राबवा. थॉरचा डबा आणला होता, उघडला मात्र नाही.

त्याच मंडळींना हे जमत नाही असंही नाही. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये जादूची ताकद असलेली वांडा पहिल्यापासून मैदानात उतरली असती, तर वकांडा या देशातली लढाई लवकर आटोपली असती. म्हणून तिला आत, तिच्या प्रियकरापाशी, व्हिजनपाशी राखणीला ठेवलं. त्याच्या कपाळातला स्टोन निघेपर्यंत तिचा पाय तिथून निघेना. मग ती खाली उतरते आणि सगळं फिरवून टाकते, तेव्हा ही आतापर्यंत वर काय करत होती, असं वकांडाची सेनापती ओकोयेच विचारते. प्रेक्षकाच्या तोंडचा प्रश्न तिने घेतला. लोक हसले आणि शंकाही मिटली.

बॅनर नावाच्या शास्त्रज्ञाच्या अंगातून बाहेर येणाऱ्या हिरव्या दांडगटाचं, हल्कचं विचारू नका. 'इन्फिनिटी वॉर'च्या पहिल्याच काही मिनिटांत थॅनॉसचा मार खाल्ल्यावर तो बाहेर का येईना, याचा निकाल त्या पाच वर्षांत कुठेतरी पडद्यामागे लावून टाकला. तिथे मी तुमच्या बाजूची.

प्रश्न : ताई, सुपरमॅन-फ्लॅशवाला 'जस्टिस लीग' सिनेमा दोनदा का काढला? आधी कुठला बघू?
– अकरावीतली वाचक, हडपसर

उत्तर : दिग्दर्शक झॅक स्नायडरने शूटिंग केलं, पण नंतर तो मधूनच बाहेर पडला. मग जॉस व्हेडन या दुसऱ्या दिग्दर्शकाने नवे प्रसंग घालून २०१७चा दोन तासांचा सिनेमा पुरा केला. स्नायडरचा चार तासांचा २०२१मध्ये आला. आधी दोन तासवाला बघ. त्यात विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश एका कुटुंबाची गाडी ढकलत नेतो आणि शेजारून सुपरमॅन अख्खी इमारत उचलून जातो. गंमत चांगली आहे, पण त्यानंतर फ्लॅशची गरजच काय, असा प्रश्न पडतो. चार तासवाल्यात सुपरमॅन येऊनही पुरत नाही. फ्लॅशला काळ मागे फिरेल इतकं जोरात धावावं लागतं. त्याचे सहा भाग पाडलेत, एका बैठकीत बघू नकोस. रक्त बरंच आहे, तेव्हा घरी आधी सांगून ठेव.