चोवीस खोडून वीस

"सूत्रं तोंडपाठ आहेत हो मॅडम, पण स्वतः सूत्र शोधायला सांगितलं की हिचा हातच चालत नाही."

मी समुपदेशक आहे. दहावीच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यातला हा अगदी नेहमीचा. त्याच्या मागोमाग आणखी दोन ठरलेले असतात: क्लास बदलायचा का, आणि अकरावीला सायन्सचा विचार सोडून द्यायचा का. या दोन्हींचं उत्तर देण्याआधी मी मुलाची कच्ची वही मागते. का मागते, ते एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. तिला आपण मीरा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गणित मात्र जसंच्या तसं आहे.

मीरा नाशिकची, सेमी इंग्रजीची. नववीपर्यंत गणितात बऱ्यापैकी गुण. दहावीत अंकगणिती श्रेढीचा, म्हणजे लागोपाठच्या पदांतला फरक सारखाच राहतो अशा संख्यांच्या मालिकेचा, धडा झाला आणि सरांनी एक छोटा प्रकल्प दिला. आगपेटीतल्या काड्यांनी आकृत्या रचायच्या, काड्या मोजून तक्ता करायचा आणि 'एन'व्या आकृतीला किती काड्या लागतील याचं सूत्र कारणासह लिहायचं. पहिल्या भागात एका ओळीत एकमेकांना चिकटलेले चौकोन. दुसऱ्या भागात चौकोनी जाळी: आधी एकच घर, मग दोन बाय दोन, मग तीन बाय तीन. बोर्डाच्या गणितात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. हे अंतर्गत गुण म्हणजे हातचेच, असं घरी सगळ्यांनी धरलं होतं आणि मुलगी त्याच गुणांपायी रात्री उशिरापर्यंत रडत बसत होती.

वडिलांनी तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला गणिताचं डोकंच नाहीये का?" मी मीराकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता की वाईट वाटलं नव्हतं. तिने मान हलवली, होकारार्थी. मला वडिलांच्या प्रश्नापेक्षा त्या होकाराची जास्त काळजी वाटली.

अशा वेळी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी लागते. लहानपणापासून घड्याळ वाचणं, सुटे पैसे मोजणं, साध्या बेरजा यांतच अडखळायला होत असेल तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या अध्ययन-अडचणीची, रीतसर तपासणी करून घ्यायला हवी. तसं निदान झालं तर बोर्डाच्या सवलतीही मिळतात. मीराच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. दुकानातला हिशेब ती वडिलांपेक्षा लवकर करायची, हे तिच्या आईनेच सांगितलं.

मग वह्या उघडल्या. पक्क्या वहीत पहिल्या भागाचं सूत्र बरोबर होतं: ३ × एन + १. त्याखाली सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता, 'कसे?' मी विचारलं तर म्हणाली, "क्लासमधल्या मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं." सूत्र तिच्याकडे होतं, पण 'कसे?'ला उत्तर नव्हतं.

खरी गोष्ट कळली ती दुसऱ्या भागाच्या पानावर. जाळीच्या काड्यांचा तक्ता होता: ४, १२, २०, २८. दिसायला नीटनेटका. पण २० आणि २८ या आकड्यांखालचा कागद खरवडल्यासारखा झाला होता. पान उजेडाकडे तिरकं धरलं तर खाली पेन्सिलीचे जुने वळ दिसत होते: २४ आणि ४०.

"इथे आधी काय होतं गं?"

"चोवीस आलं होतं. पण ते चुकीचं होतं."

"कशावरून?"

"सूत्रात बसत नव्हतं."

धडा अंकगणिती श्रेढीचा, म्हणून सूत्रही त्याच धड्यातलं असणार असं तिने धरलं होतं: पहिलं पद अधिक (एन वजा १) गुणिले साधारण फरक. पहिल्या आकृतीत ४ काड्या, दुसरीत १२, म्हणजे फरक ८. मग तिसरीत २० यायला हव्यात. पण रचलेल्या काड्या पुन्हा पुन्हा मोजल्या तरी २४च येत होत्या. शेवटी तिने ठरवलं की आपल्याला साधं मोजताही येत नाही. चोवीस खोडलं, वीस लिहिलं.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की तिचं मोजणं अगदी बरोबर होतं. तीन बाय तीनच्या जाळीला २४च काड्या लागतात.

मी स्वतः गणिताची पदवीधर आहे, त्यामुळे ही चूक मला लगेच दिसली. पण ही चूक गणिताची नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. डोळ्यांसमोर काड्या पडलेल्या आहेत, बोटाने मोजून झाल्या आहेत, तरी मुलीचा विश्वास छापील सूत्रावर आहे, स्वतःच्या बोटावर नाही. आपण शाळेत आणि क्लासमध्ये तेच शिकवत आलो आहोत. धड्याच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहाला त्याच धड्याचं सूत्र लागतं, हा मुलांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. तेव्हा मीराने जे केलं ते बिनडोकपणाचं नव्हतं, तिच्या अनुभवाला धरूनच होतं. त्यात भीतीची भर. 'आपल्याला जमणार नाही' हा विचार डोक्यात फिरत असताना आकडे मनात धरून ठेवायला जागा उरत नाही. एरवी सहज दिसणारी गोष्टही मग दिसेनाशी होते.

पुढच्या भेटीत मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला. आगपेटी टेबलावर रिकामी केली आणि म्हटलं, "मोजायचं नाही. तू फोनवर आहेस असं समज. मला चौकोनांची ओळ रचायची आहे आणि मला तुझी आकृती दिसत नाहीये. कशी रचू ते सांग."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आधी एक काडी उभी ठेवा. मग वर एक, खाली एक आणि पुढे एक उभी. झाला चौकोन. मग परत वर, खाली, उभी." मी रचत गेले. चौथ्या चौकोनाला ती स्वतःच थांबली. "दर वेळी तीनच लागतायत. पहिली उभी तेवढी जास्तीची." पक्क्या वहीतला 'कसे?' तिथेच सुटला. तीन गुणिले एनमधले तीन कुठून आले आणि तो एकटा एक कुठला, हे तिला काड्यांतच दिसलं.

तिची आई कोपऱ्यात बसली होती. तिचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं, आणि गणिताच्या विषयात आपण बोलायचं नाही असं तिने ठरवून टाकलेलं. पण त्या दिवशी न राहवून म्हणाली, "मी असती तर आधी वरची सगळी रांग लावली असती, मग खालची, आणि मग मधल्या उभ्या." मी मीराला ते लिहायला लावलं. वर एन, खाली एन, उभ्या एनपेक्षा एक जास्त. बेरीज केली तर परत तेच, ३ × एन + १.

"दोघींचं बरोबर कसं काय?" मीराने विचारलं. माझ्या मते तिने आणलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न मोलाचा होता. मी तिला तिसरी रीत शोधायला सांगितली. थोड्या वेळाने तिने ती शोधली: प्रत्येक चौकोनाला चार धरल्या तर ४ × एन, पण मधल्या उभ्या काड्या दोनदा मोजल्या जातात, त्या एन वजा एक काढून टाकायच्या. उत्तर पुन्हा तेच. एका सूत्रापर्यंत जायच्या तीन वाटा आहेत हे कळल्यावर 'ती एकमेव वाट मला सुचत नाही' हे ओझं आपोआप हलकं झालं.

जाळीला तिने आईची रीत वापरली, मी काही सुचवलं नाही. तीन बाय तीनच्या जाळीत आडव्या रांगा चार, प्रत्येकीत तीन काड्या, म्हणजे बारा. उभ्या रांगाही चार, त्याही बारा. चोवीस. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही ना." दहा बाय दहाला आडव्या अकरा रांगा, दहा-दहा काड्यांच्या, म्हणजे ११०, आणि तेवढ्याच उभ्या, एकूण २२०. मग सूत्र लिहिणं जड गेलं नाही: २ × एन × (एन + १).

४, १२, २४, ४० यांच्यातले फरक ८, १२, १६ असे वाढत जातात. फरक सारखा नाही म्हणजे ही अंकगणिती श्रेढी नव्हेच. फरकांमधला फरक मात्र दर वेळी ४ आहे. ४, १२, २४, ४० म्हणजे चारने गुणलेले १, ३, ६, १०. पाचवीच्या स्कॉलरशिपला पाठ केलेल्या या त्रिकोणी संख्या. हे तिने घरी जाऊन शोधलं आणि आईच्या फोनवरून मला फोटो पाठवला.

वडिलांना वेगळीच शंका होती. ते म्हणाले, "मॅडम, मग तक्ता करून फरक बघायचा, हे चुकीचं का? क्लासमध्ये तर तेच सांगतात." चुकीचं मुळीच नाही. तक्त्यावरून अंदाज बांधता येतो आणि बांधावाही. पण अंदाजाला कारणाची जोड लागते. हे त्यांना बोलून पटलं नसतं, म्हणून मी मीराला एक वर्तुळ काढायला लावलं. कडेवर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना जोडायचा आणि वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजायचे. एका बिंदूला १, दोनला २, मग ४, ८, १६. "सहा बिंदूंना किती?" वडील लगेच म्हणाले, "बत्तीस."

मीराने सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतले आणि मोजले. तीस. परत मोजले, तीसच. तिने आकृतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मधे तीन रेषा एकाच जागी आल्यात." एक बिंदू जरा सरकवून नवी आकृती काढली. आता मधे एक इवलासा त्रिकोण उघडला आणि तुकडे झाले एकतीस. बत्तीस काही केल्या येईना. वडील म्हणाले, "नीट मोज." तिने प्रत्येक तुकड्यात आकडा घातला, शेवटचा ३१ वडिलांना दाखवला आणि तक्त्यात एकतीस लिहिलं. खोडरबर शेजारीच पडलं होतं.

कारणही तिला कागदावर दाखवता आलं. सुरुवातीला एक तुकडा, प्रत्येक नव्या रेषेमागे एक वाढतो आणि रेषा जिथे जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणखी एक. पाच बिंदूंना १० रेषा आणि ५ छेद, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंना १५ रेषा आणि १५ छेद, म्हणून १ + १५ + १५ = ३१. दुप्पट होत जाणं हा नुसता सुरुवातीचा योगायोग होता.

नाशिककर असल्यामुळे वडिलांना देवळालीच्या कापरेकर सरांचं नाव ठाऊक होतं, ते इथे कामी आलं. द. रा. कापरेकर शाळामास्तर होते. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि येणाऱ्या उत्तरावर तेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. १९४९ मध्ये त्यांनी हे शोधलं ते साध्या वजाबाक्या करून. वडिलांनी तिथेच मोबाइलमागचा कागद काढून आपल्या गाडीच्या नंबरावर ते करून पाहिलं. मुलीने बापाला कच्चं काम करताना पहिल्यांदाच पाहिलं असावं.

घरी फार काही बदलायला सांगितलं नाही. वडिलांनी 'सुटलं का?' हे विचारणं थांबवायचं, त्याऐवजी 'काय दिसतंय?' विचारायचं. कच्च्या वहीत खोडरबर चालवायचं नाही, चुकलं वाटलं तर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सूत्र बघायला बंदी नाही, फक्त आधी आपल्या हाताने तीन-चार आकृत्या मोजून झालेल्या हव्यात. क्लास बदलला नाही. तिथे काही खोट नव्हती, सराव त्यांनी चांगलाच करून घेतला होता.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. पूर्वपरीक्षेत शेवटच्या अनोळखी प्रश्नाला तिचा हात पुन्हा थांबला आणि तिने तो कोराच सोडला. घरी आल्यावर मात्र रडण्याऐवजी तो पुन्हा घेऊन बसली आणि अर्ध्यापर्यंत पोहोचली. वडिलांना अर्धवट उत्तराचं कौतुक करणं जड जातं, अजूनही जातं. त्यांच्याशी मला मुलीपेक्षा जास्त बोलावं लागलं.

सायन्सचा निर्णय या एका प्रकल्पावरून घेऊ नका, एवढंच मी सांगितलं. ज्या मुलीने आपला बरोबर आकडा चुकीचा मानला होता, ती आपल्या आवडीबद्दलही त्या वेळी नीट सांगू शकली नसती. तिला विचारायचं ते थोडं थांबून विचारायचं ठरलं.

तुमच्या घरी हीच तक्रार असेल तर समुपदेशकाकडे किंवा गणिताच्या शिक्षकांकडे जाताना मुलाची कच्ची वही सोबत न्या, जशी असेल तशी. तिच्यात खाडाखोड असेल तर त्या पानांवरच बोलणं सुरू करा.