दोन कॉम्प्रेसर एकत्र जोडायचे आहेत

प्रश्न: माझ्याकडे दोन एचपीचा कॉम्प्रेसर आहे, आता भावानं त्याचा एक एचपीवालाही दिलाय. स्प्रे गन चालवताना हवा पुरत नाही. दोन्ही जोडले तर प्रेशर डबल होईल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: प्रेशर डबल होणार नाही हो, हवा वाढेल, म्हणजे मिनिटाला मिळणारी हवा दोन्हींची मिळून, आणि तुम्हाला तेच तर हवंय. दोन्ही टाक्यांच्या आउटलेटला एकेक बॉल व्हॉल्व्ह लावा, तिथनं होज टी-जॉइंटला आणा आणि पुढे एकच रेग्युलेटर. टाक्यांवरची प्लेट मात्र आधी नीट वाचा, एक ८ बार प्रेशरची नि दुसरी १० ची असेल तर दोन्ही प्रेशर स्विच (ठरलेल्या प्रेशरला मोटर चालू-बंद करणारे) ८ च्या आतच बंद झाले पाहिजेत, सेफ्टी व्हॉल्व्हला तर हातच लावू नका. छोट्याचा स्विच थोड्या कमी प्रेशरला चालू होईल असा ठेवा, म्हणजे मोठा आधी सुरू होईल नि गरज पडली तरच छोटा, कारण मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते आणि दोन्ही एकदम उठल्या तर एमसीबी पडलाच म्हणून समजा. दोघांना वेगवेगळी लाइन द्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो म्हणून अजिबात वापरू नका, हवेनं फुटला तर तुकडे उडतात.

आणि गोव्यातला पाऊस! टाकीखालचा ड्रेन रोज काम संपलं की उघडा, गंजकट पाणी येतं ते जाऊ द्या. टाकी आतनंच गंजते, वरचा रंग कितीही छान दिसू दे. भावाचा कॉम्प्रेसर बरीच वर्षं पडून असेल तर जोडण्याआधी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून प्रेशरची चाचणी, करून घ्याच.