मनगटावर नको, छातीवर बांध

लेका, भरतीच्या 1600 मीटरसाठी तू नाडी मोजायला स्मार्टवॉच पाहून राहिला, पण जरा थांब. घड्याळ हिरव्या उजेडानं कातडीखालचं वाहतं रक्त पाहून नाडी मोजते. स्प्रिंट मारली की आकडा मागं राहते, कधी तर पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवते. हळू पळताना 175 पाहून मी घाबरून बांधावर बसलो होतो!

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच पकडते, म्हणून चढउतार लवकर दिसते. बांधायच्या आधी आतली बाजू पाण्यानं ओली कर, नाहीतर सुरुवातीला आकडे उड्या मारतात. मे महिन्यात आपल्याकडं घामच पुरते म्हणा. पण मग पट्टा धुवत जा, खारानं खराब होते. ब्लूटूथवाला घे, मोबाईलला जोडता येते. त्याचा गोल सेल तालुक्याला भेटते का, ते आधी विचार.