भिंतीवरची माशी मराठीत आणताना

भाषांतराच्या कामात तुम्ही नवीन आहात, म्हणून ‘फ्लाय ऑन द वॉल’ या इंग्रजी वाक्प्रचाराविषयी थोडे सविस्तर लिहितो. कुणाच्या लक्षात न येता एखाद्या प्रसंगी हजर राहून सारे पाहावे आणि ऐकावे, असा त्याचा अर्थ असून तो बहुधा इच्छेच्या रूपात येतो. विष्णुदास भावे 1843 साली आपल्या सांगलीत ‘सीतास्वयंवरा’च्या तालमी घेत होते तेव्हा तिथे भिंतीवरची माशी व्हायला मिळाले असते तर, असे एखादा इंग्रज नाट्यप्रेमी म्हणेल, त्यात कुतूहल असते, कपट नसते. म्हणूनच ‘भिंतींना कान असतात’ ही म्हण तिथे योजू नये, कारण ती जपून बोलण्याचा इशारा देते आणि इंग्रजीत तिला ‘वॉल्स हॅव इअर्स’ हा वेगळा जोड आहे. ‘ईव्ह्जड्रॉपिंग’ मात्र सरळ चोरून ऐकणेच. छपराचे पाणी जिथे ठिबकते त्या जागेवरून, म्हणजे आपल्या वळचणीवरून, तो शब्द आला आहे. माशीसाठी मी स्वतः ‘कोपऱ्यात गुपचूप बसून पाहायला मिळाले असते तर’ असे लिहितो. शब्दशः माशी ठेवली तर मराठी वाचक ती हाकलायलाच उठतो.