बोटे चिकटलेली नाहीत, सुटायची राहिली

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी जन्मलेल्या माझ्या भाच्याच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका कातडीने जोडलेली आहेत. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात वहिनीने भाजी चिरली म्हणून बोटे चिकटली, असे आईचे ठाम मत आहे आणि वहिनी ते मनाला लावून बसली आहे. पोटात बोटे एकमेकांना चिकटतात तरी कशी?
— एक वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या भाच्याची बोटे चिकटलेली नाहीत, ती सुटायची राहिली आहेत. झाडाला फांद्या फुटाव्यात तशी हाताला बोटे फुटतात, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास भ्रूणाच्या कुशीला हाताचा अंकुर दिसू लागतो, त्याचे टोक वल्ह्याच्या पात्यासारखे चपटे होते, आणि सहाव्या आठवड्यात, भ्रूण जेमतेम १२-१३ मिलिमीटर लांब असताना, त्या पात्यात पाच बोटांच्या दाट रेघा उमटतात. त्यांच्या मधली जागा तेव्हा रिकामी नसते, ऊतीने भरलेली असते. पुढच्या सुमारे दोन आठवड्यांत ही ऊती मागे हटते आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटे सुटी होतात. (डॉक्टर पाळीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबाने हा दहावा आठवडा.) सातव्या महिन्यातले ग्रहण लागले तेव्हा या हाताचा निकाल लागून कित्येक महिने झाले होते. वहिनींच्या विळीकडे त्याचा दोष जात नाही, हे आईंना अवश्य वाचून दाखवावे.

मधली ऊती जाते कशी, हा भाग अधिक रंजक आहे. तिथल्या पेशी ठरल्यासारख्या मरतात. पेशी आक्रसते, तिच्या केंद्रकातला ऐवज घट्ट होतो, मग तिचे पटलात गुंडाळलेले लहान तुकडे पडतात आणि भक्षकपेशी किंवा शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. जखमेत होते तशी सूज येत नाही. या मरणाला १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले, ज्याचा ग्रीक भाषेतला अर्थ पानगळ असा आहे. माघ-फाल्गुनातले सागाचे रान पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागू नये. पेशीमृत्यूला लागणारी ‘बॅक्स’ आणि ‘बॅक’ ही दोन्ही प्रथिने नसलेल्या उंदरांच्या बोटांमध्ये पडदा शिल्लक राहतो, असे २००० साली दिसून आले. मात्र सारे काम मरणच करते असे नाही. पात्याच्या कडेवरून येणारा वाढीचा संकेत बोटांच्या टोकांवर टिकतो आणि मधल्या जागेवर थांबतो, त्यामुळे बोटे पुढे जातात आणि खाच मागे राहते.

मरणाचा निरोप देणाऱ्यांत ‘बीएमपी’ नावाची प्रथिने प्रमुख आहेत. गंमत अशी की त्यांना नाव मिळाले ते हाड घडवण्याच्या गुणावरून. कोंबडीच्या भ्रूणात हा निरोप अडवला, तर तिच्या पायाला बदकासारखा पडदा राहतो, हे १९९६ च्या प्रयोगांत दिसले. हिवाळ्यात अंबाझरी तलावावर उतरणाऱ्या बदकांत अशी अडवणूक निसर्गतःच होते : त्यांच्या बोटांमधल्या ऊतीत ‘ग्रेमलिन’ हे प्रथिन तयार होते आणि ते बीएमपीला काम करू देत नाही. वटवाघळाने तर याच पडद्याचा पंख केला आहे. त्याच्या पुढच्या पायाच्या बोटांमध्ये ग्रेमलिन असते आणि वाढीचा संकेतही चालू राहतो. मागच्या पायाची बोटे मात्र सुटी होतात, कारण त्यांनी त्याला फांदीला लटकायचे असते.

भाच्याच्या हातात या साखळीतली नेमकी कोणती कडी निसटली, हे बोटे पाहून सांगता येत नाही. अशी बोटे साधारणपणे दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात आढळतात, हातात बहुधा हीच दोन बोटे जुळलेली असतात, आणि काही घराण्यांत ती पिढ्यानुपिढ्या दिसतात. जोड केवळ कातडीचा आहे की हाडांचाही, हे क्ष-किरण चित्रात कळते. या दोन बोटांची शस्त्रक्रिया बहुधा एक ते दोन वर्षे वयात करतात. अंगठा किंवा करंगळी जुळलेली असेल तर, बोटांची लांबी असमान असल्याने वाढताना ती वाकू नयेत म्हणून, आधीच करतात. छेद सरळ न घेता नागमोडी घेतात, कारण सरळ व्रण आकसून बोट ओढले जाते, आणि कमी पडणारी कातडी बरेचदा जांघेतून घेतात. बाळाला आताच प्लास्टिक सर्जनना दाखवून ठेवावे.